पडद्याआडचं चायनीज: कोलकात्यातले काही दिवस

१९७०च्या दशकात काकांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा मावशीचं नुकतंच लग्न झालेलं. नव्या गावातल्या पहिल्या पगाराला काका तिला चायनीज खायला घेऊन गेले आणि पडदा ओढलेल्या एका केबिनमध्ये नेऊन बसवलं. "मला वाटलं डॉक्टरकडे आणलंय तपासायला," हे ती आजवर प्रत्येक लग्नकार्यात सांगत आली आहे. यंदा दिवाळीत मात्र तिने किश्शाच्या पुढे एक वाक्य जोडलं. "ती हॉटेलं आहेत का गं अजून? बघ जरा."

बघितलं. काही आहेत. जानेवारीची तिकिटं काढली. व्हिक्टोरिया, बेलूर, दक्षिणेश्वर यातलं काहीही करायचं नाही, फक्त जुनी चायनीज हॉटेलं बघायची असं ठरवून आम्ही दोघी निघालो. घरच्यांनी वेड्यात काढलं, ते ओघाने आलंच.

शनिवार

विमान वेळेवर, टॅक्सी वेळेवर, खोली स्वच्छ. तेव्हा प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एक मात्र सांगते, अशा कामासाठी जाणार असाल तर राहायला चांदनी चौक मेट्रो स्टेशनच्या आसपास बघा. पार्क स्ट्रीटच्या मानाने परिसर कळकट आहे, पण जुनी चायनीज हॉटेलं, जुना चायनाटाऊन, बेंटिंक स्ट्रीटची बुटांची दुकानं हे सगळं तिथून चालत किंवा रिक्षाने होतं. मावशीचे गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे आम्हाला हा हिशेब महत्त्वाचा होता.

संध्याकाळी हवा छान होती. आपल्याला गुलाबी वाटावी एवढीच थंडी, पण कोलकातेकर कानटोप्या घालून, मफलर गुंडाळून हिमालयात निघाल्याच्या थाटात फिरत होते. आम्ही चित्तरंजन अॅव्हेन्यूवरच्या 'चुंग वाह'मध्ये शिरलो. हे १९२०च्या दशकापासूनचं नाव. बाहेरून पाहिलं तर पुढे जाल, एवढा साधा दर्शनी भाग. आत उंच छत, मंद उजेड आणि लाकडी केबिन. पडद्यासकट!

मावशीने पडदा हातात धरून पाहिला. मग आत बसली, तो ओढला, पुन्हा उघडला. वेटर शांतपणे उभा. असं करणारी ती पहिली नसावी.

या केबिनमागे साधं कारण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बायका बाहेर खायला सर्रास जात नसत. कुटुंबासकट येणाऱ्या गिऱ्हाइकाला आडोसा हवा, म्हणून कोलकात्याच्या हॉटेलांनी लाकडी फळ्यांच्या खोल्या पाडल्या. चायनीजच नव्हे, बंगाली हॉटेलांनीही. 'दिलखुशा केबिन', 'बसंत केबिन' अशी नावं शहरात अजून आहेत. पुढे बायका मोकळेपणाने बाहेर जेवू लागल्या आणि केबिनचा ताबा कॉलेजच्या जोडप्यांनी घेतला. आडोसा म्हणायचा तो नजरेपुरताच. फळ्या छतापर्यंत जात नाहीत, त्यामुळे शेजारच्यांचं बोलणं वरून सरळ तुमच्या ताटात पडतं. आमच्या शेजारी दोन गृहस्थ ऑफिसातल्या कुणाच्या तरी बढतीवर जीव तोडून बोलत होते. बंगाली येत नसूनही तो 'कुणीतरी' लायक नव्हता, हे आम्हाला कळलं.

आम्ही मिक्स्ड नूडल्स आणि मासा मागवला. मावशी चिकन-मासे खाते, पण डुक्कर नाही. नूडल्स आल्या त्या फिकट तपकिरी. आपल्याकडच्या गाडीवरचा तो तांबडा रंग नाही, कॉर्नफ्लोअरचा चिकटपणा नाही. सोया बेताचं आणि कढई सणकून तापल्याशिवाय येत नाही तो धुरकट वास. सोबत व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरच्यांची वाटी. मावशीने एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग निम्मी प्लेट तिनेच संपवली.

मंच्युरियन, शेजवान म्हणजेच चायनीज या समजावर मोठं झालेल्यांनी इथे जरा धीर धरावा. चिकन मंच्युरियनचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते नेल्सन वांग जन्मले कोलकात्यात, पण तो पदार्थ त्यांनी १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात जमवला. म्हणजे 'आपलं' चायनीज हे खरोखरच आपलं. कोलकात्याची जुनी हॉटेलं त्याच्या आधीची आहेत आणि त्यांची चव अजून तिथेच आहे.

शाकाहारी मंडळींसाठी: भाज्यांच्या नूडल्स, भात, सूप सगळीकडे मिळतं. पण कढई एकच असते आणि सूपचं पाणी बहुधा हाडांचं. चालत नसेल तर आधी स्पष्ट विचारा. कुणी रागावत नाही.

रविवार

पहाटे साडेपाचचा गजर लावला, कारण टिरेटा बाजारचा, म्हणजे जुन्या चायनाटाऊनचा, चिनी नाश्ता कुणासाठी थांबत नाही. पोद्दार कोर्ट नावाच्या इमारतीच्या मागे, सन यात-सेन स्ट्रीटच्या तोंडाशी सकाळी सहाच्या सुमाराला विक्रेते मांडी ठोकून बसतात. साडेआठ-नऊपर्यंत सगळं गुंडाळून तिथे नेहमीचा भाजीबाजार. रविवारी माल जास्त, गर्दीही जास्त.

धुकं होतं. अॅल्युमिनियमच्या मोठमोठ्या भांड्यांची झाकणं उघडली की वाफ आणि धुकं एकमेकांत मिसळायचं आणि विकणाऱ्याचं फक्त शर्ट दिसायचं. मोमो, सारण भरलेले वाफवलेले पाव, सुई-माई, माशाच्या गोळ्यांचं सूप, तिळात घोळलेले गोड गोळे. एका बाजूला लोंबत असलेली चिनी सॉसेजेस. सूप विकणाऱ्या आजीबाईंनी मावशीच्या वाटीत जास्तीचे दोन गोळे टाकले आणि माझ्या वाटीत नाही. वयाचा मान असतो सगळीकडे.

बसायला जागा नाही. फुटपाथवर उभं राहून खायचं. सुटे पैसे जवळ ठेवा, सातच्या आत पोहोचा, आणि एकाच ठिकाणी पोट भरू नका. दोघींचा नाश्ता दोनशे रुपयांच्या आसपास झाला.

एक गोष्ट मात्र नजरेत भरते. विकणाऱ्यांमध्ये आता चिनी चेहरे कमी आहेत. एके काळी कोलकात्यात वीस हजारांच्या घरात चिनी लोक होते असं सांगतात. आता दोन-अडीच हजार धरा. त्यांची इथली गोष्ट अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू होते. टाँग अच्यू नावाचा एक व्यापारी आला, वॉरन हेस्टिंग्जने त्याला हुगळीकाठी जमीन दिली आणि त्याने ऊस लावून साखरेचा कारखाना काढला. ते गाव त्याच्याच नावाने अछिपूर म्हणून ओळखलं जातं. मागून आले त्यांनी धंदे वाटून घेतल्यासारखे घेतले. कँटनी मंडळी सुतारकामात, हाक्का लोक चामडं आणि बुटांत, हुबेई प्रांतातले दात बसवण्यात, शांतुंगचे रेशीम विकण्यात. खाणावळी निघाल्या त्या या सगळ्यांची पोटं भरायला. बाहेरच्यांना त्यांचा शोध नंतर लागला.

नाश्त्यानंतर छातावाला गल्लीत सी इप चर्च पाहिलं. १९०५ची इमारत. चर्च म्हणतात, पण येशू नाही, आत चिनी देव आहेत, लाल-सोनेरी कोरीवकाम आणि उदबत्त्यांचा घट्ट वास. मग ब्लॅकबर्न लेनमधलं तूंग ऑन चर्च. या लाल विटांच्या इमारतीच्या तळमजल्यावर १९२०च्या दशकात 'नानकिंग' सुरू झालं होतं. शहरातल्या पहिल्या झोकदार चायनीज रेस्टॉरंटांपैकी एक. बडे साहेब, नटनट्या, पैसेवाले, सगळे इथे येत. बंद पडूनही काही दशकं लोटली. मावशी त्या बंद दाराकडे बघत म्हणाली, "इथे यायची आमची ऐपत नव्हती गं. बाहेरूनच बघायचो." म्हणजे या एका बाबतीत पन्नास वर्षांत काही बदललं नाही.

दुपारी 'यू च्यू'. गणेशचंद्र अॅव्हेन्यूवर, पेट्रोल पंपाच्या वर, पहिल्या मजल्यावर. तेही १९२०च्या दशकातलं आणि अजून त्याच कुटुंबाच्या हातात. नवख्या माणसाला जिना चटकन सापडत नाही. पंपावरच्या पोऱ्याला विचारा, त्याला दिवसातून दहा जण विचारत असावेत. वर सजावट अशी फार नाही. साधी टेबलं, साध्या भिंती. इथे यायचं ते चिमणी सूपसाठी (चिमणी म्हणजे धुराडं, पक्षी नव्हे). ते आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवायचं असतं. तेवढं आम्ही शनिवारीच केलं होतं.

ते आलं आणि आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. धातूचं मोठं गोल भांडं, मधोमध वर निघालेलं धुराडं, धुराड्यात पेटते कोळसे आणि त्याच्याभोवती खंदकात रटरटणारं सूप. कोळंबी, चिकन, मासा, अंडं, पालेभाजी, शेवया सगळं त्यात. कोळसे विझेपर्यंत सूप उकळतच राहतं, त्यामुळे पहिली वाटी आणि शेवटची वाटी यांची चव वेगळी. शेवटची जास्त दाट, जास्त चांगली. हे माहीत असतं तर पहिल्या दोन वाट्या घाईने संपवल्या नसत्या, असं मावशीचं मत. दोघांसाठी हे फार होतं, चौघं असाल तर मागवा. सोबत त्यांचे ते प्रसिद्ध जोसेफिन नूडल्स घेतले. पोटात जागा नव्हती तरी घेतले.

सोमवार

सकाळी आधी सॉसची खरेदी. लू शुन सरणीवर 'पौ चाँग'चं दुकान आहे. रस्त्याचं नाव चिनी लेखकाचं आणि दुकान १९५८ पासून सॉस बनवणाऱ्या कुटुंबाचं. कोलकात्याच्या गल्लोगल्लीच्या चाऊमीनच्या गाड्यांवर जी हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली दिसते, ती बहुतेक वेळा यांची. आम्ही बाटल्या घेतल्या, सुकी मशरूम घेतली, तांदळाच्या शेवया घेतल्या. मावशीने आल्याची चिनी गोळी चाखायला मागितली आणि पाकीटच घेतलं.

मग बेंटिंक स्ट्रीट. चिनी बुटांची दुकानं आता मोजकी राहिली आहेत. त्यातल्या एकात मावशीने सपाता पाहता पाहता दुकानदाराला विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" टिप्सच्या यादीत हा प्रश्न लिहून ठेवा. त्याने हाताने दोन वळणं दाखवली आणि म्हणाला, "बारा वाजता जा. एकनंतर ताई चिडलेली असते."

या हॉटेलचं नाव मी लिहीत नाहीये. मालकीणबाईंनीच नको म्हटलं. "लोक येतात, फोटो काढतात, एक सूप दोघांत घेतात. मी आणि एक पोरगा, दोघंच आहोत." बरोबर आहे त्यांचं.

दार अरुंद, लाल रंगाचं. हा लाल एका थराचा नाही. जिथे हात लागून लागून पोपडा निघालाय तिथे खाली आधीचा लाल दिसतो, त्याच्या खाली अजून एक, जरा केशरी. आत जमीन मोझॅइकची, कडेने हिरवी पट्टी. सहा टेबलं, फॉर्मायकाची, कडेला अॅल्युमिनियमची पट्टी ठोकलेली. छतापासून लांब दांड्यांवर लोंबणारे पंखे. कोपऱ्यात लाल दिवा लावलेला छोटा देव्हारा, त्यात दाढीवाला लालबुंद क्वान कुंग, त्याच्यापुढे तीन पेले चहा आणि एक मोसंबं. गल्ल्यामागे कॅलेंडर. ते टॉरंटोच्या एका चिनी वाणसामानाच्या दुकानाचं होतं आणि त्यावर जानेवारीत बर्फ पडत होता.

पण खरी गोष्ट भिंतींवर होती. तिन्ही भिंतींना डोक्याच्या उंचीवर आरसे. मोठाले, लाकडी चौकटीतले. काठांशी पारा उडून काळे डाग पडलेले. आरशांवर रंगवलेले करकोचे, पाइनची झाडं, एकावर मोर, आणि वर-खाली सोनेरी अक्षरांत चिनी मजकूर. आधी मला वाटलं सजावट. सूप ठेवता ठेवता बाईंनी सांगितलं, सजावट नाही, आहेर. चिनी माणसाने नवं दुकान काढलं की मित्र, नातेवाईक, गाववाले असे आरसे भेट देतात. वर शुभेच्छा, खाली देणाऱ्याचं नाव. त्यांच्या वडिलांनी हॉटेल काढलं तेव्हा आलेले.

"हा आरसा कुणाचा?" मावशीने विचारलं. चौकशीत ती कुणाला ऐकत नाही.

बाईंनी हातातल्या फडक्यानेच एकेक दाखवायला सुरुवात केली. "हे सुतार होते, बापूंचे मित्र. मुलं टॉरंटोला. हे चपलांचं दुकान, तेही टॉरंटो. हे दातांचे डॉक्टर, वारले, मुलगी सिडनीला. मोरवाला आरसा मामाचा. मामा टॉरंटो. हे..." इथे त्या थांबल्या, जवळ जाऊन अक्षरं वाचली. "हे कोण ते मला पण माहीत नाही. पण आरसा चांगला दिलाय."

१९६२च्या युद्धानंतरचं त्यांना वडिलांकडून ऐकून माहीत होतं. देशभरातल्या तीनेक हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. कित्येक जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. कोलकात्यात राहिलेल्यांना ठाण्यात हजेरी, परवान्याशिवाय शहराबाहेर जायचं नाही. "बापू रोज हॉटेल उघडायचे. गिऱ्हाईक कमी यायचं. पण पोलीस यायचे जेवायला." त्या हसल्या. आम्हाला हसावं की नाही कळेना. जायला सुरुवात झाली ती तेव्हापासून, आणि मग एकाच्या मागे दुसरा.

मी विचारलं, एवढं जुनं सगळं जपून ठेवलंत, मुद्दाम ठेवलं असेल ना? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न बावळट आहे हे मला उत्तराआधीच कळलं. "जपलं कुठे? आरसे काढले तर मागचं प्लास्टर पण येईल. कोण करणार तो खर्च?" मग म्हणाल्या, मध्यंतरी एक जण गाडी घेऊन आला होता. नव्या रेस्टॉरंटसाठी जुनं सामान हवं म्हणे. आरसे मागत होता, दिले नाहीत. छतातले दोन जुने कंदील दिले. "त्या पैशात किचनला एक्झॉस्ट फॅन बसवला. आता श्वास घेता येतो."

ते कंदील कुठल्या तरी रेस्टॉरंटच्या छताला टांगलेले असतील, खाली कुणी सेल्फी काढत असेल. इथे छताला दोन हुक आहेत आणि स्वयंपाकघरात हवा आहे. सौदा वाईट नाही झाला.

आणि तरीही मला ती जागा का आवडली, हे मी तिथे बसून शोधत होते. जुनी आहे म्हणून नाही. जुनी आणि घाणेरडी हॉटेलं आपल्याकडे काय कमी आहेत? इथे प्रत्येक वस्तू कामाला लावलेली होती. आरशात बघून गल्ल्यावरच्या बाईंना मागचं टेबल दिसत होतं, म्हणून त्या मान न वळवता पोऱ्याला "तीन नंबर पानी" सांगायच्या. फॉर्मायका एका फडक्यात साफ होतो. पंखे लांब दांड्यांवर असल्याने वारा खाली टेबलापर्यंत येतो. ज्याचा उपयोग संपला ते विकलं. उरलं ते चालू आहे म्हणून उरलं.

जेवण: आलं घालून वाफवलेला भेटकी मासा, खारवलेल्या पालेभाजीचं सूप, साधा भात. मेनूकार्डावर पन्नासेक पदार्थ आहेत. पोरगा हळूच सांगतो, आज यातले अकरा आहेत. ऑर्डर तो बंगालीत ओरडतो, बाई चिनी अक्षरांत चिठ्ठीवर लिहितात, आमच्याशी हिंदी, आणि मध्येच आलेल्या फोनवर मुलीशी इंग्रजी. जेवण संपत आलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या जेवणातली एक वाटी आणून ठेवली. डुकराच्या मांसाचे जाड तुकडे, खाली सुकवून मुरवलेली मोहरीची पानं, काळपट, गोडसर, तासन् तास शिजलेली. हाक्का घरातला सणासुदीचा पदार्थ. मी मावशीकडे पाहिलं.

"मी फक्त भाजी घेते," मावशी म्हणाली आणि चमच्याने ती पानं, त्यांना चिकटलेल्या रसासकट, अर्धी वाटी साफ केली. त्या रसाबद्दल घरी बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण तिला हे लिहिलेलं चालणार आहे.

अशा जागी जाताना: बाराला पोहोचा. रोख पैसे ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा आणि विचारण्याआधी जेवण मागवा. एक प्लेट दोघांना पुरते, दोन मागवून टाकू नका. आणि मेनूकार्ड बाजूला ठेवून "आज काय चांगलं आहे?" एवढंच विचारा.

मंगळवार

रात्रभर पाऊस. जानेवारीत! सकाळी थांबेल म्हणून वाट पाहिली, थांबला नाही. छत्र्या विकत घेतल्या आणि टॅक्सीने टँग्र्याला निघालो. हा शहराच्या पूर्वेचा, दुसरा आणि नवा चायनाटाऊन. नवा म्हणजे शंभर वर्षांचा. हाक्का लोकांनी इथे दलदलीच्या जागेत चामडं कमावण्याचे कारखाने काढले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं, ते बानतलाला गेले. काही मालकही गेले, कॅनडाला. जे राहिले त्यांच्यापैकी अनेकांनी रेस्टॉरंटं काढली. त्यामुळे टँग्र्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच, करड्या, कारखान्याच्या भिंती आणि त्यांच्यामध्ये अचानक ड्रॅगनची कमान, असा देखावा आहे. पावसात तर तो आणखीच विचित्र. आमच्या टॅक्सीवाल्याला पत्ता नीट ठाऊक होता, पाण्याखालचे खड्डे नव्हते.

मठेश्वरतला रोडवरच्या चिनी काली मंदिराबद्दल ऐकलं होतं. सांगतात ते असं: झाडाखालच्या दोन काळ्या दगडांना इथले हिंदू पुजायचे. एका चिनी मुलाचा आजार कशाने हटेना, आईबापांनी या दगडांपुढे साकडं घातलं, मुलगा बरा झाला, आणि चिनी लोकांनी देऊळ बांधलं. कालीची मूर्ती नेहमीची, पुजारी बंगाली, पण उदबत्त्या लांबलचक चिनी आणि प्रसादाला नूडल्स. आम्ही गेलो तेव्हा पावसामुळे मोजून तिघं होते, प्रसाद नव्हता. मावशीने देवीला हळदकुंकू वाहिलं आणि मला दटावलं, "नूडल्ससाठी आली होतीस ना? देवाला कळतं."

दुपारी तिथल्या एका मोठ्या, नव्याने नटवलेल्या रेस्टॉरंटात जेवलो. जुन्या काळाचा माहोल असा फलक होता. लाल कंदील शे-दीडशे, मुद्दाम खरवडलेला रंग, भिंतीवर छापील जुने फोटो, काळी-पांढरी फरशी, ग्रामोफोनचा नुसता कर्णा. खोट्या केबिनही होत्या, पडदे मात्र शिवून टाकलेले, ओढता येत नव्हते. मावशीने ओढून पाहिला म्हणून कळलं. गाणी इतक्या मोठ्याने की वेटरला मेनूतलं बोट ठेवून दाखवावं लागलं. सगळं जुनं दिसत होतं, पण त्यातलं काहीच कशासाठी नव्हतं.

पण प्रामाणिकपणे सांगते, कोळंबी झकास होती. लसूण-मिरचीत परतलेली, सालीसकट, बोटं चाटायला लावणारी. टँग्र्याची कढई सजावटीशी बांधलेली नाही हे बरं आहे. तेव्हा टँग्र्याला जा, खुशाल जा, आठ-दहा जणांनी मिळून गोल टेबलावर जा आणि खाण्यासाठी जा. शनिवार-रविवारी रात्री रांग असते, दुपारी निवांत. परतीची गाडी आधीच सांगून ठेवा, पावसात तिथून टॅक्सी मिळवताना आमचा तास गेला.

संध्याकाळी पाऊस उघडला. मावशीला पुन्हा 'चुंग वाह'ला जायचं होतं. गेलो. या वेळी केबिन रिकामी नव्हती, बाहेरच्या टेबलावर बसलो. तिची हरकत नव्हती. "आता या वयात कसला पडदा," म्हणाली, आणि मीठ आधीच मागून घेतलं.

बुधवार

सामान बांधणं हेच काम. सॉसच्या बाटल्या विमानात हातातल्या सामानात नेऊ नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतल्या जाऊ शकतात. मोठ्या बॅगेत, प्रत्येक बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मग कपड्यांत गुंडाळून ठेवा. आमच्या बाटल्या मावशीच्या दोन सुती साड्यांत प्रवास करून आल्या आणि एकही फुटली नाही.

पुढच्या खेपेसाठी मावशीने आत्ताच ठरवलंय: चिनी नववर्ष. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं, तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा तिकिटं काढण्याआधी बघून घ्या. टँग्रा आणि टिरेटा बाजारात सिंहनाच असतो आणि त्या दिवसांत कोलकात्याचे चिनी लोक अछिपूरला टाँग अच्यूच्या लाल थडग्याला जातात. बज-बजच्या पुढे, गाडीने दीड-दोन तास. परदेशी गेलेले बरेच जण याच सुमाराला परत येतात, त्यामुळे लहान हॉटेलांत जागा मिळायची तर फोन करूनच जावं. मोरवाल्या आरशाचे मामाही यायचेत म्हणे टॉरंटोहून. त्यांच्याशी काय काय बोलायचं, त्याची यादी मावशीने सॉसच्या बिलामागे लिहायला घेतली आहे.